भावाचा बचाव करायचा, पण नेमका कशापासून?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

नाशिकमधले ४१ वर्षांचे एक वाचक लिहितात: "माझा धाकटा भाऊ अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे. सव्वा महिन्यापूर्वी गंगापूर धरणाच्या बाजूला मित्रांची पार्टी होती. परत येताना रात्री पावणेबाराच्या सुमारास गंगापूर रोडवर त्याच्या गाडीची एका मोटारसायकलला मागून धडक बसली. मोटारसायकलवाला सातपूरहून सेकंड शिफ्ट करून घरी चालला होता. भाऊ पळाला नाही, तिथेच थांबला. १२.४० ला पोलिसांच्या ब्रेथ अ‍ॅनालायझरवर ९६ आकडा आला. सिव्हिलला ३.१० ला रक्त घेतलं, त्याच्या रिपोर्टमध्ये ५८ आहे. मोटारसायकलवाला तिसऱ्या दिवशी गेला. आधी जामीनपात्र कलमं होती, नंतर १०५ वाढवलं. आता भाऊ नाशिकरोडच्या जेलमध्ये आहे.

गाडी माझ्या नावावर आहे. शेजारच्या सीटवर भावाचा मित्र होता, तो पीत नाही. मामा म्हणतात, 'तू मालक आहेस, गाडी मित्र चालवत होता असं लिहून दे, तो तयार आहे.' एक ओळखीचे वकील म्हणतात, दोन आकडे जुळत नाहीत, केस पडणारच, फक्त खर्च करायची तयारी ठेवा. मेहुणे म्हणतात, गेलेल्याच्या बायकोला पाच लाख देऊन मिटवून टाका. मला यातलं काहीच पटत नाही. भाऊ प्यायला होता आणि माणूस मेला, हे खरं आहे. मग मोठा वकील लावणं ही त्या मेलेल्या माणसाशी बेइमानी नाही का? त्यापेक्षा भावाने सरळ गुन्हा कबूल करावा का? मागे एकदा नाकाबंदीत सापडला होता, कोर्टात दंड भरला, तेवढंच. एरवी त्याला सवय नाही. आईला आम्ही ब्रेक फेल झाले असं सांगितलंय."

---

दादा,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. नाशिकच्या कोर्टात फौजदारी कामं करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. अशा घरांतून येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "सुटेल ना?" हाच असतो. "हे बरोबर आहे का?" असं विचारणारे थोडे. म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमच्यासारखी आणखीही घरं या शहरात आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

आधी तुमच्या मनात रुतलेल्या त्या वाक्याबद्दल. भाऊ प्यायला होता आणि माणूस गेला, हे खरंच आहे. पण "म्हणून तो दोषी" असं म्हणताना तुम्ही तीन वेगवेगळे गुन्हे एकाच गाठोड्यात बांधताय. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवणं. पहिल्या वेळी त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, त्याला पाच वर्षांपर्यंत. आणि कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध. मारायचा हेतू नसला, तरी "आपल्या हातून माणूस मरू शकतो याची जाणीव होती" हे सिद्ध झालं की दहा वर्षांपर्यंत कैद. भावाचं पिणं खरं आहे म्हणून १०५ आपोआप खरं ठरत नाही. ते खोटंच आहे असंही मी म्हणत नाही. ते ठरवणं हे कोर्टाचं काम, आणि दोन्ही बाजू नीट मांडल्या गेल्या तरच ते काम होतं.

नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटे झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली आणि सात जण मेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरला आणि शिक्षा तीन वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. एकच रात्र, तेच पुरावे, आणि न्यायाधीशांनाही "जाणीव होती का" या प्रश्नावर वेगवेगळी उत्तरं मिळाली. तुमच्या भावाच्या वेग, अंतर, ब्रेक, उजेड आणि धडकेनंतरच्या वागण्यावर कोणीतरी अभ्यास करून बोलणं ही त्या मेलेल्या माणसाशी बेइमानी कशी होईल? त्याच्या मृत्यूचा हिशेब नीट व्हावा म्हणून तर ते बोलायचं.

बेइमानी तुमच्या मामांच्या सल्ल्यात आहे. तो तर गुन्हाच आहे.

गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. खोटं लिहून दिलंत तर आरोपीला वाचवण्यासाठी खोटी माहिती दिली म्हणून न्याय संहितेचं कलम २३८ तुमच्यावर येऊ शकतं, त्या मित्रावरही येऊ शकतं. आणि हे टिकतही नाही. माझ्यासमोर एक प्रकरण होतं. घरच्यांनी दुसराच ड्रायव्हर उभा केला होता. मुलगा सहा फुटी, ड्रायव्हर जेमतेम पाच फूट. घटनास्थळाच्या पंचनाम्यात एका हवालदाराने सहज एक ओळ लिहून ठेवली होती: "चालकाचे सीट पूर्ण मागे सरकवलेले आढळले." त्या सीटवर बसून त्या ड्रायव्हरचा पाय क्लचपर्यंत पोचलाच नसता. उलटतपासणीला जायचीही गरज पडली नाही, तो आधीच रडायला लागला. त्यानंतर त्या मुलाच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोर्टाचा विश्वास बसला नाही. त्याची मला आजही चुटपुट लागते, कारण त्याच्या बाजूने खरोखर बोलण्यासारखं होतं.

रक्ताच्या नमुन्यात हात घालायची गोष्ट कोणी काढली, तर मे २०२४ चं पुण्याच्या कल्याणीनगरचं प्रकरण आठवा. नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, गाडी चालवणाऱ्या मुलाचे आईवडीलही गजाआड गेले.

शिवाय मामांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट: न प्यायलेला तो मित्र तुमच्या भावाचा सगळ्यात मोलाचा साक्षीदार असू शकतो. तो शेजारी होता, शुद्धीत होता. वेग किती होता, मोटारसायकल कधी दिसली, भावाने ब्रेक मारला का, खाली उतरून पहिल्यांदा काय केलं, हे तोच सांगू शकतो. त्याला खोटा ड्रायव्हर केलंत तर हा साक्षीदार कायमचा गेला. अर्थात तो खरं बोलेल तेव्हा काही गोष्टी भावाच्या विरोधातही जातील. त्याने "मी चालवतो" म्हटलं होतं का आणि भावाने चावी दिली नाही का, हे आजच विचारून ठेवा आणि वकिलांना सांगा.

आता त्या दोन आकड्यांविषयी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या एका मुद्द्यावर नाशिकमध्ये कितीतरी घरांनी पैसे घालवले आहेत.

१२.४० ला ९६, ३.१० ला ५८. तुमचे ओळखीचे वकील म्हणतात, जुळत नाहीत. कागद घ्या आणि वजाबाकी करा. ९६ मधून ५८ गेले, उरले ३८. मधला वेळ अडीच तास. माणसाचं शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या आसपास दारू उतरवतं, माणसागणिक थोडं कमी-जास्त. अडीच तासांचे झाले ३७ ते ३८. म्हणजे हे आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, उलट एकमेकांना दुजोरा देतात. सरकारी वकिलाने ही वजाबाकी न्यायाधीशांसमोर केली की "आकडे जुळत नाहीत" म्हणणाऱ्या वकिलाची मांडणी तिथेच संपते. "उशिरा रक्त घेतलं म्हणजे केस गेली" हाही तसाच समज. उशिरामुळे आकडा कमी दिसतो आणि मागे मोजत गेलं तर अपघाताच्या वेळचा आकडा वाढतो. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी असं मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मध्ये आहे खरं, पण ती न झाल्यास कोठडीतून सोडावं असं ते कलम म्हणतं. निर्दोष सोडा असं ते म्हणत नाही.

मग बघायचं काय? शेवटचा पेग कधी घेतला ते. धडकेच्या पाच-दहा मिनिटं आधी घेतला असेल, तर दारू तोपर्यंत पूर्ण रक्तात उतरलेलीच नसते आणि अपघाताच्या क्षणी आकडा नंतरच्यापेक्षा कमी असू शकतो. बिलाची वेळ, यूपीआयची वेळ, मित्रांच्या फोनमधले फोटो यावरून ते कळतं. तुमच्या भावाच्या बाबतीत तो आकडा ३० च्या खाली येईल असं मला वाटत नाही, उगाच आशा लावत नाही. पण १०५ मध्ये "किती नशेत होता" याला वजन आहे.

नमुन्याचा प्रवासही पाहायचा. रक्ताची ती बाटली बोटाएवढी असते. तिच्यावर नाव, तारीख, वेळ, डॉक्टरची सही, लाखेचं सील. आत फ्लोराईडसारखं संरक्षक द्रव्य लागतं, नाहीतर रक्त आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसली का? बाटली सिव्हिलमधून पोलीस ठाण्यात कोणी नेली, किती दिवस कुठे ठेवली, प्रयोगशाळेत पोचली तेव्हा सील शाबूत असल्याची नोंद आहे का? ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या छापील पावतीवर वेळ आहे का, मशीन तपासून घेतल्याचं प्रमाणपत्र आहे का? एका प्रकरणात लेबलवरची वेळ आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरमधली वेळ यांत पन्नास मिनिटांचा फरक निघाला होता, आणि त्या मधल्या वेळात बाटली कुठे होती हे कोणालाच सांगता आलं नाही. असा दोष निघाला तर तो मांडणं हा भावाचा हक्क आहे. ज्याच्या तोंडाला नुसता वास होता त्याला उद्या कोणी अडकवू नये, म्हणूनच हे नियम आहेत. वास, झोकांड्या आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर नशा सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९७१ मध्ये सांगितलं आहे. पण दोष नसेलच तर ओढूनताणून उकरून काढायला लावू नका.

आणि आता तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय: "मागे एकदा नाकाबंदीत सापडला होता, कोर्टात दंड भरला, तेवढंच."

दादा, ते "तेवढंच" नाही. कोर्टात दंड भरला म्हणजे कलम १८५ खाली तो दोषी ठरला. त्यामुळे आताचा गुन्हा दुसरा धरला जाऊ शकतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की १०५ चा सगळा भार "जाणीव" या एका शब्दावर आहे. पिऊन गाडी चालवण्यात काय धोका आहे हे ज्याला एकदा कोर्टाने बजावलंय, त्याला जाणीव नव्हती असं म्हणणं अवघड होतं. सरकारी वकील हे शोधून काढतील असं धरूनच चाला. तुमच्या वकिलांना ते तुमच्याकडून पहिल्याच बैठकीत कळलं पाहिजे, भर कोर्टात नाही.

"सवय नाही" हेही परत एकदा विचारा, पण भावालाच विचारा आणि त्याला मान खाली घालायला न लावता. दोनदा पकडला गेलेला माणूस फक्त दोनदाच प्यायलेला नसतो. सवय असेल तर जामीन मिळाल्यावर पहिल्या आठवड्यातच सिव्हिलच्या किंवा दुसऱ्या मानसोपचार विभागात नाव नोंदवा. १४४१६ या टेली-मानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) मोफत नंबरवर घरातल्यांनाही बोलता येतं. शिक्षा ठरवताना कोर्ट अशा गोष्टी पाहतं, पण कोर्ट नसतं तरी मी हे सांगितलंच असतं.

गुन्हा कबूल करण्याबद्दल. आज, दोषारोपपत्र हातात नसताना, अजिबात नको. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरला जात नाही, आणि सत्र न्यायालयात कबुली दिली तर जे कलम पुढे ठेवलंय त्याचीच ती होते. म्हणजे जी जाणीव होती की नव्हती हे तपासलंच गेलेलं नाही, तीही त्याने मान्य केली असं होईल. आधी कागद येऊ द्या. खटला सत्र न्यायालयात वर्ग झाल्यापासून साठ दिवसांच्या आत १०५ मधून वगळावं असा अर्ज करता येतो. तो फेटाळला तरी आरोप ठरवताना वाद घालता येतो. आपण काय केलं हे मान्य करूनही ते कोणत्या कलमात बसतं यावर लढता येतं. "मी प्यायलो होतो, माझी चूक झाली, पण मला १०५ लागू होत नाही," ही बाजू घेऊन उभे राहिलेले आरोपी मी पाहिलेत, आणि न्यायाधीश त्यांचं ऐकून घेतात.

तोपर्यंत जामीन. भाऊ पळाला नाही, जागेवर थांबला, नोकरी आणि घर नाशिकमध्येच आहे, हे त्याच्या बाजूचे खरे मुद्दे आहेत. सत्र न्यायालयाने नाकारला तर मुंबई उच्च न्यायालय आहे. तारीख मोजून ठेवा: १०५ सारख्या कलमात पहिल्या रिमांडपासून ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामिनाचा हक्क तयार होतो आणि त्यासाठी त्याच दिवशी अर्ज तयार लागतो. परवाना मात्र जाईल. दोषी ठरल्यास १८५ खाली किमान सहा महिने तो रद्दबातल राहतो, आणि खरं सांगायचं तर तो आत्ताच तुमच्याकडे ठेवा.

वकील निवडताना "सुटणारच" म्हणणारा टाळा. एफआयआर मागून घेणारा, वेळा विचारणारा, अडचणीचे प्रश्न काढणारा बघा. पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नंबर १५१००. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता तिथून मोफत वकील मिळतो. तिथले काही तरुण वकील फार मन लावून काम करतात. आणि अजून एक घाईचं काम: त्या रस्त्यावरच्या दुकानांचे, सोसायट्यांचे सीसीटीव्ही. त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर काही दिवसांत जुनं पुसून नवं भरतो. सव्वा महिना झालाय, तरी आजच वकिलांमार्फत लेखी मागणी करा आणि पोलिसांनी कोणतं फुटेज घेतलंय ते विचारा. फुटेज भावाच्या विरोधात असेल या भीतीने ते सोडू नका. गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन या हमीवर, सोडवून आणाल, पण आरटीओची तपासणी झाल्याशिवाय आणि सगळ्या बाजूंनी फोटो घेतल्याशिवाय तिला गॅरेजमध्ये घालू नका.

मेहुण्यांच्या पाच लाखांबद्दल. ती बाई अपघाताची साक्षीदारही नाही, आणि माणूस गेल्याची ही केस तिच्या म्हणण्याने मिटतही नाही. मोटार अपघातात मृत्यू झाला तर कोणाची चूक हे सिद्ध न करताही पाच लाख देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यातच आहे, कलम १६४. म्हणजे मेहुणे ज्याला तडजोड म्हणताहेत ती रक्कम तिला कायद्यानेच देऊ केलेली आहे. ती मोटार अपघात न्यायाधिकरणात गेली तर नवऱ्याचा पगार, वय आणि पदरातली माणसं धरून भरपाई ठरेल. त्यात मालक म्हणून तुम्हीही पक्षकार असाल. चालक प्यायलेला असल्याने विमा कंपनी जबाबदारी नाकारण्याचा प्रयत्न करेल, किंवा तिला देऊन तुमच्याकडून वसूल करायला येईल. पॉलिसी काढून वाचा आणि या वसुलीची मानसिक आणि पैशाची तयारी आत्तापासून करा. गाडीच्या नुकसानीचा क्लेम मिळेल अशी आशा धरू नका.

तिला आत्ता मदत करायची असेल तर जरूर करा, पण वकिलांमार्फत, लेखी, आणि कोणतीही अट न घालता. "जबाब बदला" हा शब्द त्या कागदाच्या आसपासही नको. तिच्या दारात आत्ता तुम्ही स्वतः जाऊ नका. साक्षीदारांवर दबाव आणल्याचा आरोप जामिनाला नडेल, आणि तिलाही तुमचं दारात येणं सोसणार नाही.

एक गोष्ट मात्र करा. तुमच्या दोन पानी पत्रात तो माणूस "मोटारसायकलवाला" म्हणूनच येतो. त्याचं नाव एफआयआरमध्ये आहे. ते वाचा, आणि पुढच्या मुलाखतीला भावालाही सांगा. जेलमध्ये गजाआडून बोलताना वेळ थोडा असतो आणि तो सगळा जामिनाच्या चौकशीत जातो, तरीही सांगा.

आणि आईला खरं सांगा. ब्रेक फेल झाले नव्हते, हे आरटीओच्या तपासणीच्या कागदावर लिहिलेलं असेल आणि कोर्टात मोठ्याने वाचलं जाईल. त्या तारखेला आई येणारच. मागच्या बाकावर पदर सावरून बसलेल्या अशा आया मी खूप पाहिल्यात. तिने ते सरकारी वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू नये. तुम्ही सांगा, या आठवड्यात, भाऊ जेलमधून बाहेर यायच्या आत.